बारामतीची बातमी नक्की कुणासाठी? गावनिहाय जनगणनेत दडलेलं उत्तर

२०२४ च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय लढत झाली आणि देशभरातले कॅमेरे इथे येऊन थांबले. निकाल लागला, कॅमेरे गेले. मागे उरले तालुक्याचे बातमीदार, यूट्यूब चॅनेल आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकणारी पोर्टल्स. यांचा वाचक दिल्लीत नाही, सुप्यात, भिगवणमध्ये, वालचंदनगरला आहे. तो कोण, हे अंदाजाने ठरवायचं की आकड्यांवरून?

२०११ च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या साधारण ४ लाख ३० हजार आणि इंदापूरची ३ लाख ८३ हजार होती. बातम्या ठरवायला एवढ्याचा फारसा उपयोग नाही. खरा उपयोग गावनिहाय गोषवाऱ्याचा. त्यात प्रत्येक गावातले स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, शेतकरी, शेतमजूर आणि इतर कामगार वेगवेगळे मोजलेले असतात. तो कुणालाही फुकट पाहता येतो.

समजा, एखाद्या गावात शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त निघाले. तिथे ऊसदराची बातमी निम्म्या घरांना लागूच होत नाही. त्यांना मजुरी, रेशन आणि रोजगार हमीचं काय झालं ते हवं असतं. एमआयडीसीजवळच्या गावात ‘इतर कामगार’ हा रकाना मोठा दिसला, तर शिफ्टच्या वेळेला एसटी आहे का, ही पहिली बातमी. नीरा डाव्या कालव्याखालचा पट्टा कारखान्याच्या निवडणुकीवर जगतो, सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग टँकर आणि जनाई-शिरसाईच्या आवर्तनाकडे डोळे लावून असतो. तालुका एकच, पण सरासरी काढली की दोन्ही गायब.

मग हे होत का नाही? एक कारण पैशाचं. स्थानिक माध्यमं बरीचशी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर चालतात, आणि शेतमजूर काही जाहिरात देत नाही.

सर्वात जास्त विसरला जातो तो ऊसतोड कामगार. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या हद्दीत दरवर्षी बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. २०११ ची मोजणी झाली फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळपात. नियम असा, की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे कोपीवरचा माणूस कागदोपत्री त्या हंगामापुरता इथलाच. त्याच्या मुलांची शाळा, बायकांचे दवाखाने, रात्रीचे बैलगाड्यांचे अपघात हे विषय मात्र पाहुण्यांचे समजले जातात.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आहे. अशा कम्युनिटी रेडिओला किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून करण्याची अट असते. वृत्तपत्रं आणि पोर्टल्सना अशी कुठलीच अट नाही.

आकडे जुने आहेत, हे ध्यानात ठेवावंच लागतं. २०११ मध्ये सहा वर्षांचं असलेलं पोर आज मतदार आहे. जळोची, तांदूळवाडी, रुई ही तेव्हाची गावं पुढे नगरपरिषदेच्या हद्दीत आली. त्यामुळे तक्ता पाहून गावात जावं, तक्त्यावरूनच बातमी लिहू नये.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हाही कोप्या फडाशेजारीच असतील.