तारणहार आणि मार्गदाता : तीन अक्षरांच्या निमित्ताने

पनवेलहून निघणारा महामार्ग कोकण ओलांडून गोव्यात पोहोचतो. जुने गोवे येथील, १६०५ साली अभिषिक्त झालेली बॉम जेझूची बॅसिलिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर 'आय. एच. एस.' ही तीन अक्षरे कोरलेली आहेत.

मुळात हा संक्षेप ग्रीक आहे. येशूच्या ग्रीक नामातील आयोटा, ईटा आणि सिग्मा ही ती आद्याक्षरे होत. ईटाची आकृती रोमन 'एच'सारखी असल्याने पुढे लॅटिन जाणणाऱ्यांनी त्यांचा 'येसूस होमिनुम साल्वातोर' असा विग्रह केला. 'होमिनुम' ही षष्ठी बहुवचन असून तिचा अर्थ 'मानवांचा' असा होतो. 'साल्वातोर' म्हणजे 'तारणहार'. १५४० साली पोपची मान्यता लाभलेल्या जेझुइट संघाने हे चिन्ह आपली मुद्रा म्हणून स्वीकारले. मनुष्य केवळ स्वबळावर पापमुक्त होऊ शकत नाही, त्याला ईश्वरी कृपा हवी, ही ख्रिस्ती श्रद्धा या तीन शब्दांत सामावली आहे. तिचा आदर राखूनच आपली भूमिका समजून घेतली पाहिजे.

आपण नित्य म्हणतो त्या बुद्धवंदनेत तथागतांची अनेक विशेषणे येतात. 'सत्था' म्हणजे शास्ता, शिकविणारा. 'पुरिसदम्मसारथि' म्हणजे दमनयोग्य माणसांना वळण लावणारा सारथी. 'तारणहार' या अर्थाचे विशेषण तेथे नाही. धम्मपदाच्या मग्गवग्गातही प्रयत्न तुम्हीच करावयाचा, तथागत केवळ सांगणारे आहेत, असा स्पष्ट निर्वाळा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प. पू. बाबासाहेबांनी हाच भेद अधोरेखित केला : बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत.

मग 'बुद्धं सरणं गच्छामि' याचा अर्थ काय? येथे मराठी भाषाच आपली दिशाभूल करते. मराठीत 'शरण जाणे' म्हणजे हार पत्करणे, स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. पालीतील 'सरण' म्हणजे आश्रय, आधार. महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांनी भिक्खूंना 'अत्तसरण' आणि 'धम्मसरण' होऊन राहण्यास सांगितले आहे. 'सरण' म्हणजे शरणागती असती, तर माणसाने स्वतःलाच शरण जावे, असा निरर्थक उपदेश ठरला असता. तेव्हा स्वतःच्या प्रयत्नाचा आणि धम्माचा आधार घेणे, हाच अर्थ तेथे अभिप्रेत आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. परीक्षेतील यशासाठी किंवा नोकरीसाठी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मागणे मागणारा उपासक नकळत 'सत्था'च्या जागी 'साल्वातोर' बसवीत असतो. ग्रीक अक्षरांना कालांतराने लॅटिन अर्थ चिकटला, तसाच मराठी 'शरण' या शब्दाचा अर्थ पाली 'सरण' या शब्दाला चिकटू पाहत आहे. म्हणून मुलांना त्रिसरण पाठ करवून घेताना या शब्दाचा अर्थही सांगावा. मार्ग दाखविला गेला आहे; चालावयाचे आपल्यालाच आहे.