दुसऱ्या खेपेला वेळ कमी असतो

नाचणगावाला पुलगाव अगदी लागून आहे. वर्धा मात्र तीस-पस्तीस किलोमीटरवर, आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय त्याच्याही पुढे. पहिल्या बाळंतपणात हे अंतर फारसं आड येत नाही. संध्याकाळी कळा सुरू झाल्या तरी पहिलटकरणीचं बाळ बहुधा दुसऱ्या दिवशीच बाहेर येतं. गाडी बघायला, पैसे जमवायला, कुठं न्यायचं हे घरात ठरायला तेवढा अवधी मिळतो. दुसऱ्या वेळी तो मिळत नाही.

गोंधळ होतो तो नेमका इथं. पहिल्या वेळी आठव्या महिन्यापासून माहेरी नेलेली, जिला पाण्याची घागरही कुणी उचलू दिली नाही, तीच बाई दुसऱ्या वेळी सासरीच असते. थोरल्याची अंगणवाडी किंवा शाळा असते, कापूस वेचणीचे दिवस असतात. डोहाळजेवण झालेलं नसतं आणि तपासणीचं कार्डही कपाटातच पडून असतं. एकदा नीट झालं, आता काय होतंय, असं सगळेच म्हणतात, आणि बऱ्याचदा तीही म्हणते. ही बेफिकिरी दुसऱ्या बाळंतपणातला पहिला धोका आहे.

शरीराला पहिली खेप आठवत असते. गर्भाशयाचं तोंड आणि खालचे स्नायू एकदा ताणलेले असतात. पहिल्या वेळी गर्भाशयाचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडू लागतं. दुसऱ्या वेळी या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार तोंड पाच सेंटिमीटर उघडलं की खऱ्या वेगाच्या कळा धरायच्या. तिथून पूर्ण उघडायला पहिलटकरणीला सहसा बारा तासांपेक्षा जास्त लागत नाहीत, पुढच्या खेपांना दहा. त्यानंतर जोर देऊन बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत, नंतर दोन तासांपर्यंत. या झाल्या वरच्या मर्यादा. प्रत्यक्षात दुसरं बाळ त्याहून पुष्कळ लवकर येतं, आणि काही वेळा पहिल्या कळेपासून तीन तासांच्या आतही.

फसवणारी आणखी एक खूण आहे. पहिल्या खेपेला शेवटच्या काही आठवड्यांत बाळाचं डोकं कटीच्या हाडांमध्ये उतरून बसतं. पोट खाली आलेलं दिसतं आणि घरातल्या म्हाताऱ्या दिवस जवळ आल्याचं ओळखतात. दुसऱ्या वेळी डोकं कळा सुरू होईपर्यंत वरच तरंगत राहू शकतं. म्हणून ‘पोट उतरलं नाही, अजून वेळ आहे’ हा अंदाज इथं चालत नाही. डोकं वर असताना पाणमोट फुटली तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरण्याची भीती असते. ती दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. पाणी गेलं की कळांची वाट न बघता निघायचं, ते यासाठी.

शेवटच्या महिन्यात खोट्या कळाही दुसऱ्या वेळी जास्त जाणवतात. थोडं पडून राहिल्यावर किंवा फेरी मारल्यावर त्या विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. दहा-दहा मिनिटांनी नेमाने येऊ लागल्या की दुसऱ्या खेपेच्या बाईने घरी थांबू नये. दवाखान्यातून परत पाठवलं तरी त्यात कमीपणा नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करायला शेजाऱ्यांनी सांगेपर्यंत थांबायचं कारण नाही. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयापर्यंतची गाडी, बाळंतपण, गरज पडली तर सिझेरियन, औषधं, रक्त आणि घरी परत सोडणं हे सगळं मोफत आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

पहिलं बाळ सिझेरियनने झालं असेल तर हिशेब वेगळा. दुसऱ्या वेळीही पोट फाडावंच लागतं असं नाही. योग्य निवड केलेल्या, आधी एकच सिझेरियन झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण साठ ते ऐंशी जणींची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. पण जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एकीला असतो, आणि तसं झालं तर काही मिनिटांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. त्यामुळे हा प्रयत्न रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल अशाच ठिकाणी व्हायला हवा. वार जुन्या व्रणावर तर बसलेली नाही ना, हे सोनोग्राफीत आधीच पाहून घ्यावं लागतं. नाचणगावच्या बाईसाठी याचा अर्थ एवढाच की कुठं जायचं ते आठव्या महिन्यातच ठरलेलं असावं.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्या बाळाने सहसा काही बिघडत नाही. मात्र त्याचं पॉझिटिव्ह रक्त आईच्या रक्तात मिसळलं की तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात, आणि ती दुसऱ्या बाळाच्या रक्तपेशींवर उलटतात. अँटी-डीचं इंजेक्शन हे थांबवतं. ते अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांत द्यायचं असतं. पहिल्या वेळी ते घेतलं होतं का, हे सांगणारा कागद म्हणूनच जपून ठेवावा.

रक्तदाबाचंही तसंच. पहिल्या वेळी वाढला असेल तर पुन्हा वाढू शकतो. दोन मुलांत दहा वर्षांहून अधिक अंतर असेल तरीही. त्यावर उपचार म्हणजे अखेर बाळ बाहेर काढणं, आणि त्यासाठी कळा आणाव्या लागतात. त्या कशा आणाव्यात यावरचा एक मोठा अभ्यास विदर्भातच झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्त्री रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ मध्ये आले. गर्भाशयाच्या तोंडात फुगा घालण्यापेक्षा मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने दिल्यावर चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती होणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं: ४७ टक्क्यांऐवजी ५७. नागपूरच्या गर्दीच्या वॉर्डांमध्ये निघालेलं हे उत्तर जगभर वाचलं गेलं.

याच गोळीची आणखी एक गोष्ट बेळगावची. तिथल्या खेड्यांत नर्सबाईंनी केलेल्या १,६२० बाळंतपणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बाळ जन्मल्यावर लगेच गोळी दिलेल्या गटात अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन ही आजही पहिली निवड, पण ते थंड ठेवावं लागतं. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही पेलत नाही, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या गर्भवतींपैकी जवळपास ४६ टक्के रक्तक्षयी आढळल्या. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर पहिल्या वेळची झीजच भरून निघालेली नसते. एका बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, ही शिफारस याच हिशेबाची आहे.

पंतप्रधान मातृवंदना योजना आता दुसऱ्या बाळासाठीही सहा हजार रुपये देते, पण ते मुलगी झाली तरच. मुलींच्या जन्माला बळ देण्याचा हेतू चांगलाच आहे. तरीही मुलगा झालेल्या आईचं रक्त तितकंच गेलेलं असतं आणि तिची मजुरीही तितकीच बुडालेली असते. या योजनेतून तिच्या हातावर काही ठेवलं जात नाही, हे खटकतं.

बाळ झाल्यावरही एक गोष्ट बायकांना कुणी आधी सांगत नाही. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी नंतरच्या कळा जास्त येतात. बाळाने छातीला तोंड लावलं की पोटात पिळवटून येतं, कारण दूध उतरवणारं संप्रेरकच गर्भाशय आवळतं. हे दोन-तीन दिवस चालतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी साधी वेदनाशामक गोळी त्यावर मिळते. पण दुखण्याबरोबर ताप आला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं किंवा तासाभरात पॅड भिजू लागलं, तर थोरल्याला शेजारणीकडे सोपवून लगेच पुलगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायला हवं.