दहा मिलिमीटरची बार्शी लाइट

बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर मी पहिल्यांदा स्वतः मोजलं ते कुर्डुवाडीच्या यार्डात, 1991च्या मे महिन्यात. भर दुपार, रुळाला बोट लावलं तरी चटका बसत होता. स्टेशनमास्तरांना विचारून यार्डात उतरलो होतो. टेप आडवा धरला. 762 मिलिमीटर. खांद्यावर हातोडा टाकून चाललेला एक गँगमन थांबला.

"काय मापताय वो?"

"रूळ."

"आन् ते कशाला? कुठं पळून जात न्हाईत ते."

पुढच्या वीस वर्षांत मिरजेपासून लातूरपर्यंतची सगळी नॅरोगेज उखडली गेली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली.

रूळ मोजले त्या रात्री घरी येऊन मी भागाकार केला. मी मॉडेलं करतो त्या प्रमाणात खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे 1 ला 76.2. 762 भागिले 76.2. उत्तर बरोबर दहा. ब्रॉडगेजचे साडेपाच फूट घेतले तर बरोबर बावीस. कुर्डुवाडीत या दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहत आणि हमाल एकीतलं पोतं दुसरीत टाकत. दहा आणि बावीस या दोन आकड्यांनी माझी पुढची तीस-बत्तीस वर्षं घेतली.

त्याआधीही माझ्याकडे बार्शी लाइट होती, पण ती नऊ मिलिमीटरच्या रुळांवर धावायची. कारण साधं होतं: नऊचे रूळ, चाकं, मोटारी बाजारात तयार मिळतात, दहाचं काहीही मिळत नाही. नऊ मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात सव्वादोन फूट, मूळ गेजपेक्षा तीन इंच कमी. गाडी समोरून पाहिली की चाकं पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसत. बार्शी लाइटचं रूप होतं ते अरुंद रुळांवर पसरून बसलेल्या ऐसपैस डब्यात. त्या दोहोंचं प्रमाण बिघडलं की उरते ती कुठलीही एक छोटी गाडी. मी कुर्डुवाडीत ज्या गाडीत चढलो होतो, ती ही नव्हती. त्या पावसाळ्यात सगळे रूळ काढून टाकले.

एवढ्याशा फरकासाठी माणसं आयुष्य वेचतात ही गोष्ट मुळात इंग्लंडमधली. तिथल्या छोट्या रेल्वेच्या छंदात एक जुनी तडजोड आहे. युरोपात साडेतीन मिलिमीटरला एक फूट हे प्रमाण रूढ झालं आणि त्यात रुळांचं माप 16.5 मिलिमीटर आलं. पण ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान असतात. त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. मग इंग्रजांनी इंजिनाचं अंग चार मिलिमीटरच्या प्रमाणात वाढवलं आणि रूळ तेच, 16.5चे ठेवले. हेच 'ओओ' गेज. हॉर्नबी कंपनीच्या गाड्या आजही याच मापात येतात. हिशेब केला तर हे रूळ खऱ्या 4 फूट साडेआठ इंचांऐवजी 4 फूट दीड इंचाचे होतात. सात इंच गायब.

काहींनी रूळ 18 मिलिमीटरपर्यंत रुंद केले. पुढे 1966मध्ये काही मंडळींनी ठरवलं की आता अर्धवट काही नको, आणि 'प्रोटोफोर' नावाचं माप मांडलं. त्यात गेज 18.83 मिलिमीटर, म्हणजे खऱ्या रुळांचं गणितानं येणारं नेमकं माप. नुसता गेज नव्हे, चाकाची जाडी, चाकाच्या कडेचा तो खाली उतरलेला काठ आणि सांध्यात त्या काठासाठी सोडलेली फट, सगळं प्रमाणात. ती फट 0.68 मिलिमीटर. तयार खेळण्यातल्या गाडीत ती याच्या जवळजवळ दुप्पट असते. 'फाइनस्केल' म्हणतात ते हे. काही जण तर याच्याही निम्म्या प्रमाणात, 9.42 मिलिमीटरच्या गेजवर हेच करतात, आणि त्यांची संस्था 1960पासून आहे.

चाकाचा काठ एवढा लहान झाला की एक संकट उभं राहतं. खेळण्यातल्या गाडीचा काठ खोल असतो, रूळ वरखाली असला तरी तो चाकाला धरून ठेवतो. बारीक काठाचं चाक केसभर उचललं तरी गाडी रुळावरून उतरते. यावर जो उपाय निघाला तो आपल्याकडे कोणत्याही आजीला माहीत आहे. चार पायांचं स्टूल वाकड्या फरशीवर डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही. म्हणून इंजिनाचा एक आस पक्का बसवायचा आणि बाकीचे झुलते ठेवायचे, असे की सगळं वजन शेवटी तीन टेकूंवर यावं. मग प्रत्येक चाक रुळाला चिकटून चालतं, वीजही अखंड मिळते. माझ्या इंजिनाला चार जोड्या चालती चाकं आहेत. ती खडबडीत रुळावरून जाताना एकेक जोडी आपापली खालीवर होते ते डोळा रुळाच्या पातळीवर आणून पाहावं. मी अजूनही पाहत बसतो.

इंग्लंडातल्या ज्या दोन माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांतला पहिला रॉय इंग्लंड. आडनाव तसं असलं तरी हा ऑस्ट्रेलियाचा. 1925 साली इंग्लंडला आला आणि ऑक्सफर्डजवळच्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातल्या गावांच्या प्रेमात पडला. तिथली गवती छपराची घरं त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती. छपरं उतरून ॲस्बेस्टॉस चढत होतं. ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं घरं मोजायला सुरुवात केली. एकेक घर मोजून, फोटो काढून, पुठ्ठ्यात चार मिलिमीटरच्या प्रमाणात बांधायचं. भिंतीवरची प्रत्येक वीट कोरायची आणि जलरंगानं वेगळी रंगवायची. छपरासाठी प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तसले तंतू. एकेका घराला महिनेच्या महिने. 1954 साली लाँग विटनम या खेड्यात त्यानं पेंडन संग्रहालय सुरू केलं. 1995मध्ये तो गेला, पण स्वयंसेवक अजून ते खोरं बांधताहेत. तिथं 1920 आणि 30च्या दशकांतलं इंग्लंड जसंच्या तसं उभं आहे, आणि त्यातून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाड्या धावतात.

दुसरे पीटर डेनी, चर्चचे पाद्री. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी 'बकिंगहॅम' नावाची एक काल्पनिक शाखा-रेल्वे बांधायला घेतली आणि जन्मभर बांधत राहिले. गाड्या वेळापत्रकानुसार, घंटांच्या खुणांनी चालत, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या स्टेशनवर एक माणूस लागायचा. ते काम मुलगा करायचा. मुलगा मोठा झाला, तेव्हा डेनींनी त्याची जागा घेणारं यंत्रच तयार केलं आणि त्याला मुलाचंच नाव दिलं: 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. घरात रिकामी झालेली जागा या माणसानं कशी भरली असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आपल्याकडे हा छंद अगदीच परका नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998पासून आहे, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे बघावेत. पण भारतीय गाडी भारतीय मापात करायची तर अडचण अशी की जगभर तयार मिळणारे रूळ आपल्या ब्रॉडगेजचे नसतातच. ते 4 फूट साडेआठ इंची परदेशी गेजचे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेनऊ इंच अरुंद. त्यावर ठेवलेली आपली गाडी नाजूक दिसते. भारतीय रेल्वेचा तो रुंद, पाय फाकून उभा राहिलेला दणकटपणा हरवतो. खरं माप हवं असेल तर रूळ हातानंच टाकावे लागतात.

बार्शी लाइट मी निवडली ती लहानपणी आजोळी जाताना तिच्यात बसलो म्हणून. पण वाचू लागलो तेव्हा कळलं की ही गाडी इंजिनिअरिंगच्या इतिहासात किती मोठी आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज जीआयपी रेल्वेच्या नोकरीत इकडे आला होता. कापसाच्या बार्शीला मुख्य लाइनशी जोडणारी स्वस्त आणि टिकाऊ गाडी करायची त्याच्या मनात होती. त्याची युक्ती अशी: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, पूल हलके चालतात, खर्च उतरतो. इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आली. 1897 साली गाडी सुरू झाली. 1906मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911मध्ये लातूरला, 1927मध्ये मिरजेला.

आणि ही गाडी इंग्लंडला परत गेली. बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून कॅल्थ्रॉपनं स्टॅफर्डशायरमध्ये त्याच अडीच फुटी गेजची लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही छोटी रेल्वे उभी केली, 1904 साली. ती 1934मध्ये बंद पडली, तिच्या वाटेवर आता लोक पायी फिरतात. पण तिथले छंदिष्ट आजही तिची मॉडेलं करतात, आणि तिच्या इंजिनांवरचा मोठा दिवा पाहिला की मला ओळख पटते.

कामाबद्दल थोडं सांगतो. रुळाला रूळ जिथं ओलांडतो, तिथलं ते टोकदार 'नाक' सगळ्यांत अवघड. एक मिलिमीटर उंचीचा रूळ चिमट्यात धरून सोनाराच्या कानशीनं तिरका घासायचा, दुसराही तसाच, आणि दोन्ही जोडून डाग द्यायचा. टोक नखावरून फिरवून बघायचं. नख अडलं की पुन्हा घासायचं. मग फटीत पितळेची पट्टी सरकवून माप पाहायचं. ती ना सैल जायला हवी, ना अडकायला. एका सांध्याला माझे तीन रविवार जातात. मी कारखान्यात टूलरूममध्ये होतो, तिथं याहून बारीक काम करायचो, पण तिथं यंत्र होतं. इथं श्वास धरावा लागतो.

पुस्तकं इंग्लंडची, हवा आपली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जानेवारीत 14 अंश आणि मे महिन्यात 40. चार मीटर सलग रूळ एवढ्या फरकानं जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर वाढतो. पहिल्या उन्हाळ्यात माझे रूळ खऱ्या रुळांसारखेच सापासारखे वळले. तेव्हापासून जागोजाग कागदाच्या जाडीच्या फटी ठेवतो. दुसरा धडा मातीचा. जमीन खरी दिसावी म्हणून मी बार्शीजवळची काळी माती आणली, गाळली, पसरली. दोन महिन्यांत दोन मोटारी बंद. उघडून पाहिलं तर चुंबकाभोवती काळे कण चिकटलेले. आपल्या काळ्या दगडात लोहाचं चुंबकी खनिज असतं, ते मातीतही उतरतं. आता माती ताटात पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवतो, दहा-दहा वेळा, टोकाला काही चिकटेनासं होईपर्यंत.

बाभळी वाळलेल्या तुळशीच्या काड्यांच्या. माणसं मात्र बाजारात मिळतात ती टोपी-कोटातली. साडेपाच फुटी माणूस इथं 22 मिलिमीटर भरतो, म्हणजे आमच्या ब्रॉडगेजच्या रुंदीएवढा. आषाढीच्या गाडीसाठी मला वारकरी हवे आहेत: पागोटं, खांद्यावर पताका, नऊवारीतल्या बायका, डोक्यावर तुळस. तांब्याच्या तारेचा सांगाडा करून त्यावर पुटीनं एकेक घडवतो. आतापर्यंत 63 झालेत. तुळशीवृंदावन सर्वांत अवघड; ते दोन मिलिमीटरचं आहे.

कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर गेल्या वर्षी घरी आले होते, वय ऐंशीच्या पुढचं. मी गाडी सुरू केली. काका खुर्चीत बसले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि डोळे फलाटाच्या पातळीला आणून बराच वेळ पाहत राहिले. गाडी दोनदा येऊन गेली. मी वाट बघत होतो, ते इंजिनाबद्दल काही बोलतील म्हणून. त्यांचं बोट पाण्याच्या टाकीकडे गेलं.

"ह्याच्या खाली ओल कुठाय? ही टाकी कायम गळायची. उन्हाळ्यातबी तिथं हिरवं असायचं, शेळ्या यायच्या."

त्याच आठवड्यात टाकीखाली ओल केली, वार्निशाचे सहा पातळ हात देऊन. शेळ्या दोन झाल्यात. तिसरीचे पाय अजून बसायचेत.