मोडलेला खुबा आणि चौदा पावले

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासूबाई मोरीत घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. टाकेही निघाले. डॉक्टर म्हणतात चालवा, पण सासूबाई पलंगावरून उतरायला तयार नाहीत. ‘जबरदस्ती करावी की त्यांच्या कलाने घ्यावे? उद्या लोक म्हणतील, सुनेने म्हातारीला छळले,’ असे त्या लिहितात.

हा प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर येथेच देतो. ते देताना माझ्याच घरची एक चूक सांगावी लागेल.

२०१८ च्या पावसाळ्यात माझी आई अशीच पडली. वय ७६. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया होऊन खुब्यातला हाडाचा गोळा बदलला. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभे केले. यात घाई नव्हती. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शनातही, विशेष अडचण नसल्यास शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवावे आणि पुढे रोज निदान एकदा तरी हालचाल करवावी, असे सांगितले आहे. कारण पडून राहण्याने स्नायू झपाट्याने झिजतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो आणि पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. हाड बसले तरी माणूस बसतो, तो यामुळे.

हे सारे मी रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पण आई घरी आली आणि डॉक्टर मागे पडून मुलगा पुढे झाला. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, भांडेही पलंगावर. चालायचे नाव काढले की ती म्हणे, “आता माझं काय राहिलंय? पडू दे मला.” मी रागावून पाहिले, समजावून पाहिले. पंधरा दिवस असेच गेले. मग तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि रात्री ती असंबद्ध बोलू लागली.

कारण माझ्या नव्हे, माझ्या पत्नीच्या लक्षात आले. उशाशी ठेवलेला तांब्या रोज तसाच भरलेला राहत होता. “आई मुद्दाम पाणी पीत नाहीत. भांडं द्यायला मुलाला, सुनेला हाक मारावी लागते, त्याची त्यांना लाज वाटते,” ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही ‘व्यायाम’ हा शब्द सोडून दिला. औषधाने ताप उतरल्यावर आईला एवढेच विचारले, “संडासला स्वतःच्या पायांनी जायचंय का?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “किती लांब आहे?” पत्नीने मोजून सांगितले, चौदा पावले. सातव्या पावलावर एक खुर्ची ठेवली. संडासात कमोडची उंच खुर्ची बसवली, भिंतीला धरायला दांडा लावला. पहिल्या दिवशी आई चार पावले चालली. नवव्या दिवशी ती चौदाव्या पावलावर पोहोचली आणि तिने दार लोटून घेतले. कडी आम्ही आधीच काढून ठेवली होती. त्या दिवशी तिने मागून पाणी घेतले.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पलंगावर असताना घोटे वर-खाली हलवावेत, जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबावा, पाच अंक मोजून सोडावा, श्वास रोखू नये. खुर्चीत बसून पाय गुडघ्यात सरळ करावा. हात असलेल्या उंच खुर्चीतून उठावे-बसावे, आधी पाच वेळा, मग वाढवत न्यावे. उभे राहता येऊ लागले की ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, पाय बाजूला न्यावा. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. वेदनाशामक गोळी दिली असेल, तर ती व्यायामापूर्वी कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. दुखण्याच्या भीतीने अनेकजण हलत नाहीत.

दोन गोष्टी मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नयेत. पट्टी, स्क्रू किंवा सळई घातली असेल, तर पायावर किती भार द्यायचा? आणि गोळा बदलला असेल, तर मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे किती दिवस वर्ज्य? पोटरी सुजली, धाप लागली, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा पाय एकाएकी आखूड वाटला, तर व्यायाम थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा.

आहारात डाळी, दूध, चालत असल्यास अंडी हवीत. साध्या पडण्याने हाड मोडले म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत, असे समजून त्यावरचे उपचारही विचारावेत. मोरी कोरडी ठेवावी, रात्री दिवा असावा, सुटी पायपुसणी उचलावीत.

आई पुढे काठीवाचून कधी चालली नाही. चमत्कार काही झाला नाही. २०२२ साली ती हृदयविकाराने गेली. त्या दिवशी सकाळीही ती कोणाला हाक न मारता उठून गेली होती.

तेव्हा भगिनी, जबरदस्ती नको आणि नुसते कलाने घेणेही नको. कोणते काम कोणाच्या मदतीवाचून करावेसे वाटते, ते सासूबाईंना एकांतात विचारा आणि तिथपर्यंतची पावले मोजा. लोकांचे म्हणाल, तर सासूबाई अंगणात दिसू लागल्या की त्यांना दुसरा विषय मिळेल.