कुवेत : वाळू, तेल आणि कामगार

देश : इराक आणि सौदी अरेबियाच्या बेचक्यात. क्षेत्रफळ १७,८१८ चौ.किमी., म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून जरासे मोठे. बारमाही नदी एकही नाही. पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे, क्षार काढून. मित्रिबा येथे २०१६च्या जुलैत ५३.९ अंश सेल्सिअसची नोंद.

तेल : १९३८ साली बुरगानला सापडले, निर्यात १९४६पासून. सरकारी उत्पन्नाचा सुमारे नऊ-दशांश भाग आजही त्यातूनच. तेलाआधी मोती, गलबते आणि मुंबईशी व्यापार.

चलन : दिनार, १ एप्रिल १९६१पासून. त्याआधी तिथे चक्क रुपया चाले! १९५९मध्ये भारत सरकार आणि रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. एक रुपयाची नोट तांबडी, क्रमांकाआधी ‘झेड’.

राज्यकारभार : अमीर अल-सबाह घराण्याचे. ब्रिटिश संरक्षणातून स्वातंत्र्य १९ जून १९६१, राज्यघटना १९६२. राजकीय पक्षांना कायदेशीर मान्यता नाही. स्त्रियांना मताधिकार २००५मध्ये. निवडून आलेली ५० जागांची संसद मे २०२४मध्ये अमिरांनी बरखास्त केली.

माणसे : दर तिघांत साधारण दोघे परदेशी, त्यांत भारतीय सर्वाधिक, सुमारे १० लाख. २ ऑगस्ट १९९०च्या इराकी आक्रमणानंतर हजारो भारतीय जॉर्डनमधील अम्मानहून विमानाने मुंबईत परतले.

जाण्याआधी : दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ‘ईसीआर’ (परदेशगमन-तपासणी आवश्यक) शिक्क्याचा असतो. तो असलेल्या पालेगाव-अंबरनाथच्या फिटर, वेल्डरला कुवेतच्या नोकरीसाठी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. एजंटाचा परवाना ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा, पैसे त्यानंतर.