शेरा वेळेवर कळावा

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे निघाले की भूगावनंतर भुकूम लागते आणि पुढे पिरंगुट. या रस्त्यालगतच्या दुकानांत, गोदामांत वा कारखान्यांत राबणारा माणूस नवी नोकरी शोधू लागला की त्याच्याकडे आधीच्या मालकाचा अनुभवाचा दाखला मागितला जातो. त्यात काय लिहावे, हा मालकापुढचा प्रश्न असतो. काय लिहिले जाईल, ही कामगाराची धास्ती.

दाखला हा केवळ कृपेचा विषय नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्राच्या नमुना आदेशांत कायम कामगाराला बडतर्फी, सेवामुक्ती वा निवृत्तीच्या वेळी सेवा-प्रमाणपत्राचा हक्क दिलेला होता.

परंतु खरा प्रश्न दाखल्याच्या आधीचा आहे. सीमा रस्ते संघटनेतील अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला. पदोन्नतीसाठी मात्र सलग पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता. वरवर स्तुतीचा वाटणारा तो शब्दच त्यांच्या आड आला, आणि तो त्यांना कळविलाही गेला नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शासकीय सेवकाला प्रत्येक शेरा कळविला पाहिजे. म्हणजे त्याला सुधारणा करता येते किंवा आपली बाजू मांडता येते. तोवर ते निवृत्तही झाले होते.

हा निर्णय खासगी पेढीला लागू होत नाही. त्यामागील न्याय मात्र लागू होतो. गोदामातील साठ्याची नोंद उशिरा होते, हे तीन वर्षे मनात ठेवायचे आणि निरोपाच्या दिवशी दाखल्यात ‘काम साधारण’ असे लिहायचे, हा व्यवहार नव्हे. दर सहामाहीस, गिऱ्हाइकांसमोर नव्हे तर एकांतात, काय उत्तम झाले आणि काय सुधारावे हे स्पष्ट सांगून तारखेसह नोंदवावे. कामगारानेही ‘माझे कोठे कमी पडते?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

असे झाले तर दाखला लिहिणे सोपे होते. पद, कालावधी, सांभाळलेली कामे आणि अनुभवास आलेले गुण, एवढे पुरे. खोटी स्तुती दुसऱ्या व्यापाऱ्याला फसवते. रागाने लिहिलेली ओळ एका कुटुंबाची रोजी अडवते. जे तोंडावर सांगितले नाही, ते दाखल्यात लिहू नये.