माहिती चौकट : मनोरुग्णांचा समाजसेवक कोण होऊ शकतो?

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी कुटुंबाशी संवाद आणि पुनर्वसन ही कामे समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती) पाहतात.

● शिक्षण : मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७नुसार मनोविकृती समाजसेवकासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कमध्ये २ वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. किंवा विहित मान्यताप्राप्त पात्रता.

● देखरेख : एम.फिल.मध्ये देखरेखीखालील रुग्णसेवेचे प्रशिक्षण अनिवार्य.

● नोंदणी : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे.

● २०२१चा कायदा : संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकृती समाजसेवकांचाही समावेश.

● उणीव : सर्वसाधारण समाजकार्यासाठी देशात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. ती व्हायलाच हवी; असहाय माणसाच्या आयुष्याशी संबंधित कामाला उत्तरदायित्व हवेच.